दगडांनी धरलेली जागा

मित्रांनो, तुम्ही माझ्यावर बसला असाल, पण माझ्याकडे कधी पाहिलं नसेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बसायच्या वस्तूकडे कोण बघतं? मी एक जुनी बस्करपट्टी आहे. तागाची, एका पोराला मांडी घालता येईल एवढी रुंद आणि वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरेल एवढी लांब. माझ्या काठाला दोन लाल रेघा होत्या. त्यातली एक झिजून गेली. दुसरी अजून आहे, असं मी तरी म्हणते.

कुठल्या तरी लांबच्या गिरणीत मला विणलं. नवी होते तेव्हा मी ताठ होते, टोचरी होते आणि जरा शिष्टही होते. आपण एखाद्या मोठ्या सभेत पुढाऱ्यांच्या पायाखाली जाणार, असं मला वाटायचं. पण मला वडवणीला उतरवलं, एका रिक्षाच्या टपावर बांधलं आणि माळवस्तीच्या शाळेत आणून पसरलं. पोरं बसली आणि लगेच ओरडली, "बाई, ही चावती!" पुढं त्याच पोरांच्या चड्ड्यांनी घासून घासून मला मऊ केलं.

मला डोळे आहेत ते नावाला. मला खरं कळतं ते वजन. कोण जेवून आलंय, कोण उपाशी आलंय, कुणाचा गृहपाठ राहिलाय, हे मला बसण्यावरून समजतं. माणसं तोंडानं काय वाट्टेल ते सांगतात. बसताना त्यांना लपवाछपवी जमत नाही. शाळेच्या समितीचे अध्यक्ष राधाकिशनभाऊ अर्धेच टेकायचे, काम अंगावर येतंय असं दिसलं की उठायला सोपं. खिचडी शिजवणाऱ्या भिवराबाई बसायच्या त्या धान्याचं पोतं ठेवावं तशा, एकदम आणि पूर्ण. आणि मंजुषाबाई, आमच्या मास्तरीणबाई, कधी नीट बसल्याच नाहीत. एक गुडघा कायम उभा. दोन खोल्यांत चार वर्ग सांभाळणारीला दुसरा गुडघा टेकवायला फुरसत कुठली?

शाळा बांधली तेव्हा माळवस्तीत घरं बोटावर मोजण्याइतकी होती. मग डोंगरातल्या गावांतली माणसं रस्त्याच्या कडेला उतरायला लागली. माळ राधाकिशनभाऊंचा. त्यांनी चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या, खुंट्या ठोकल्या आणि प्लॉट विकायला काढले. माणूस दूरदृष्टीचा. देवळाला जागा सोडली, सभामंडपाला सोडली, वाढदिवसाचा बोर्ड लावायला कोपऱ्यावर खांब रोवायलाही सोडली. शाळेचं कुणी विचारलं की म्हणायचे, "शाळा हाय की!" होती ना. तीच दोन खोल्यांची. दर वर्षी नवी पत्र्याची घरं वाढायची, दर जूनला नवी पोरं यायची आणि मी मात्र तेवढीच लांब राहायची. आमच्या शाळेत पाढ्यांपेक्षा जास्त वेळा म्हटलं गेलेलं वाक्य एकच होतं: "सरका रे, सरका!"

दसरा झाला की ट्रॅक्टर यायचे. भांडी, गोधड्या, कोयते, कोंबड्या आणि पोरं असा सगळा संसार ट्रॉलीत भरून निम्मी वस्ती ऊस तोडायला निघून जायची. ती परत यायची गुढीपाडव्याच्या मागंपुढं.

आता मी तुम्हाला आमच्या शाळेची एक रीत सांगते. वडवणीच्या स्टँडवर बीडची एसटी लागली की काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. आतली माणसं उतरायच्या आधी बाहेरची माणसं खिडकीतून टॉवेल टाकतात, टोपी टाकतात, पिशवी टाकतात. जागा धरली! मग भांडण झालं तरी जागा टॉवेलवाल्याची. पोरांनी बापांना हे करताना पाहिलं होतं. एका वर्षी निघायच्या दिवशी एका पोरीनं ओढ्यातला गोल दगड आणला आणि माझ्यावर, स्वतःच्या जागेवर ठेवला.

"हे काय गं?" मंजुषाबाई म्हणाल्या. "दगडांची शाळा भरवायची का मी?"

"बाई, टावेल येकच हाय. तो बापानं नेलाय."

पाडव्याला ती परत आली तेव्हा दगडही होता आणि जागाही होती. पुढच्या वर्षापासून जाणारं प्रत्येक पोर दगड ठेवून जायला लागलं.

म्हणून हिवाळ्यात माझ्यावर थोडी पोरं बसायची आणि पुष्कळ दगड. येणारे-जाणारे हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण मला वजन कळतं.

ठेवल्यावर थोडे दिवस दगड हा दगडाएवढाच असायचा. मग थंडी पडायला लागली की तो जड व्हायचा. रोज थोडा थोडा. शेवटी मांडी घालून बसलेल्या पोराएवढा. पहाटे आई चूल पेटवते त्या वेळी काही दगड एकाच बाजूनं कोमट व्हायचे, जसा शेकोटीकडे केलेला गाल होतो. काही दगडांखाली मला ओल लागायची. ती ओल गोड असायची आणि तिला मुंग्या लागायच्या. बाईंनी पहिल्यांदा मुंग्या पाहिल्या तेव्हा छताकडे पाहिलं. पौषात छत कुठलं गळायला? त्या दिवसापासून बाई दगड न उचलता, त्यांना वळसा घालून झाडायला लागल्या. असं झाडा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

भिवराबाईंची नात सायली चौथीत होती. तिला आजीपाशी ठेवून तिचे आईबाप, वर्षाराणी आणि सुग्रीव, उसाला जायचे. त्या वर्षी ट्रॉली भरून झाल्यावर दोघं शाळेत निरोप घ्यायला आले आणि दाराजवळ माझ्यावरच टेकले. वर्षाराणीच्या मांडीवर सायलीचा तान्हा भाऊ होता.

"आई, ह्या साली ऱ्हाऊ दे हिला," सुग्रीव म्हणाला. "फुडल्या साली नेतो संगं. बारक्याला फडात कोन धरायचं? कोयता हाती घ्यावा का पोर घ्यावं?"

"पोरगी शिकायलीय. तिला नेऊन मोळ्या बांधायला लावतो का?" भिवराबाई उसळल्या.

"शिकंल कुठं? हितं चौथीपस्तोर शाळा. वडवणीला गेलतो इचारायला. पाचवीला जागा न्हाई म्हनले. वर्गात पोरं दारापस्तोर बसलीत. मी काय तिला खुंटीला टांगू?"

वर्षाराणीनं बारक्याला खांद्यावर घेतलं. ती उठली तेव्हा मला कळलं की बसली तेव्हापेक्षा ती जड झाली होती. सायली माझी सुटलेली सुतळी बोटाला गुंडाळत बसली होती. तिनं ती इतकी घट्ट गुंडाळली की बोटाचं टोक पांढरं पडलं.

आता एकच गोष्ट सायलीला वाचवू शकत होती. आमच्या शाळेत पाचवीचा वर्ग उघडायचा तर तिसरी खोली पाहिजे होती. बाईंनी मागणी केलेली होती आणि तालुक्याचे साहेब, त्रिंबकराव, पोरं स्वतः डोळ्यांनी मोजून ठरवणार होते. कधी? पौषात! आंबे किती लागलेत हे पाहायला दिवाळीत आमराईत जावं, तसला हा प्रकार. पण साहेबांना मोकळीक पौषातच होती.

राधाकिशनभाऊंना खोली हवीच होती. शाळेजवळचा प्लॉट लवकर जातो. ते आदल्या दिवशी आले, अर्धे टेकले आणि म्हणाले, "बाई, साहेबाला डोकी पायजेत ना? डोकी मी आनतो."

"कुठून आणता भाऊ? डोकी उसात आहेत."

"दिंद्रुडला आपल्या मेव्हन्याचा क्लास हाय. जीपभर पोरं. टाय-बूट घातलेली, लई चुनचुनीत. घंटाभर बसवायची आन परत न्यायची."

"हे बरोबर नाही."

"आन खोली गेली ती बरोबर हाय का? तुमी काय करू नका. तुमी फक्त गप बसा."

बाई गप्प बसल्या. सायलीसाठी बसल्या, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी त्यांचे दोन्ही गुडघे माझ्यावर टेकले होते.

सकाळी ऊन चांगलं वर आलं होतं. भाऊंनी घमेलं आणलं आणि माझ्यावरचे दगड त्यात टाकायला सुरुवात केली. पहिला दगड त्यांनी एका हातानं उचलायला घेतला आणि दुसरा हात लावावा लागला.

"आयला, वल धरलीय वाटतं," ते पुटपुटले.

"भाऊ, त्यान्ला कावून उचलायलात?" सायली म्हणाली. "जागा धरलीय त्यांनी."

"आगं येडे, दगडं हायत ती!"

"दगडं हायत, पर जागा पोरांची हाय."

भाऊंनी घमेलं दाराआड नेऊन ठेवलं. ठेवताना मात्र जपून ठेवलं, आदळलं नाही. मित्रांनो, गंमत अशी की दगड गेले तरी माझ्यावरचं वजन गेलं नाही. तसूभरही हललं नाही.

जीप आली. टायवाली पोरं उतरली, रांगेत आत आली. मागोमाग त्रिंबकराव साहेब आले. दारात पायतान काढून ठेवणारा साहेब मी पहिल्यांदाच पाहिला. त्यामुळं मला तो जरा बरा वाटला. त्यांनी भरलेली खोली पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, "बसा बाळांनो."

शाळेची आमची जी थोडी पोरं होती ती आपापल्या जागी बसली. टायवाली पोरं वाकली आणि तशीच सरळ झाली. एकानं पुढची जागा पाहिली, मग मागची. एक पोरगी बसता बसता "सॉरी" म्हणाली आणि उठली. कुणाला म्हणाली, ते तिलाही कळलं नसावं. होता होता ती सगळी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मधे मी पसरलेली, उन्हाच्या पट्ट्यात, मोकळीच्या मोकळी.

"अरे, बसत का नाही?" साहेबांनी विचारलं.

चष्मा घातलेला एक टायवाला म्हणाला, "जागा नाही, सर."

"जागा नाही? एवढी पट्टी रिकामी आहे!"

"नाही सर. बसलेत."

राधाकिशनभाऊ घाईघाईनं हसले. "लाजायलीत साहेब. शहरातल्या... न्हाई, म्हंजी वस्तीवरचीच हायत, पर लाजाळू हायत."

मंजुषाबाई पुढं झाल्या. त्यांचा आवाज बारीक होता पण फाटला नाही. "साहेब, ही मुलं आमची नाहीत. जीपनं आणलीत. आमची मुलं उसाला गेलीत."

साहेबांचा चेहरा ताठ झाला. "म्हणजे मला फसवायला निघाला होता तुम्ही? मग मी जे दिसतंय तेच धरणार. पट्टी रिकामी आहे. खोलीची गरज नाही."

सायली उठली. तिनं दाराआडचं घमेलं ओढत आणलं. एकेक दगड उचलून ती माझ्यावर ठेवायला लागली. कुठला दगड कुणाचा, तिला एकदाही विचार करावा लागला नाही. नाव घ्यायची, ठेवायची. परमेश्वर. सत्यम. प्रियदर्शनी. उत्तरेश्वर. भाऊंना दोन हात लागलेले दगड ती एका हातानं ठेवत होती. शेजारच्या पोराला हाताला धरून बसवावं, तसं.

साहेब वैतागले. "काय पोरखेळ लावलाय? जागा आहे की नाही, मीच दाखवतो." आणि ते दोन दगडांच्या मधे, माझ्यावर, मांडी घालून बसायला गेले.

मी सांगते ते ऐका, कारण हे फक्त मला आणि त्यांना माहीत आहे. त्यांचं अर्धं अंग माझ्यापर्यंत पोचलंच नाही. एसटीच्या सीटवर तिसरा माणूस जसा कडेला लोंबकळतो तसे ते लोंबकळत राहिले, आणि खाली तर जमीन होती.

सायली रोजच्या सवयीनं म्हणाली, "सरका रे. साहेबाला बसू द्या."

आणि ओळ सरकली.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माझ्या अंगातून एक लाट गेली. ताग जमिनीवर घासल्याचा सर्र असा आवाज झाला. तो सगळ्यांनी ऐकला. दगड जिथल्या तिथं होते. पण भिंतीकडचं माझं टोक दुमडून वर आलं. पोरं दाटीनं सरकली की ते नेहमीच तसं येतं.

साहेब माझ्यावर टेकले. टायवाली पोरं एकमेकांचा हात धरून बाहेर गेली आणि जीपमध्ये जाऊन बसली. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. साहेबांनी हळूहळू आपले गुडघे आत ओढून घेतले. दोन्हीकडून कुणाचे तरी गुडघे लागत असले की माणूस तसंच करतो. मग त्यांच्या डाव्या बाजूला कुणीतरी बारीक खोकललं.

"याला पाणी द्या कुणीतरी," साहेब म्हणाले. आणि आपणच काय बोललो ते ऐकून त्यांनी डोळे मिटले.

भिवराबाई उठल्या. पेलाभर पाणी आणून त्यांनी त्या डावीकडच्या दगडाजवळ ठेवलं. दुपारपर्यंत पेला भरलेला होता. नंतरचं मी सांगत नाही; तुम्हाला झोप लागायची नाही.

साहेब उठले तेव्हा त्यांच्या पँटला काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी ते चिमटीत धरून उन्हात पाहिलं. उसाचं वाळलेलं पान होतं.

"इथं जवळपास ऊस आहे का?"

"हितं प्यायला पानी न्हाई, ऊस कुठला साहेब?" भिवराबाई म्हणाल्या. "ऊस तिकडं हाय. पोरं हायत तिकडं."

"परत कधी येतात?"

"पाडव्याच्या मागंफुडं."

"मी तेव्हा येतो," ते म्हणाले. पायतान घालताना त्यांना दोनदा पाय चुकला.

ते आले, शब्दाला जागले. तोवर ट्रॉल्या परतल्या होत्या. पोरांनी आपापले दगड ओळखले, हातात तोलले आणि नेऊन ओढ्यात फेकले. माझ्यावर मावली तेवढी पोरं बसली; बाकीची व्हरांड्यात, लिंबाखाली, उभ्या ट्रॉलीच्या चाकापाशी. साहेबांना दारातून आतच येता येईना. "सरका रे, साहेब आले!" पोरं ओरडली. साहेब घाईनं म्हणाले, "नको, नको, बसा. मी पाहिलंय."

जूनमध्ये पाचवी व्हरांड्यात सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत तिसरी खोली उभी राहिली. सुग्रीव आणि वर्षाराणी दसऱ्याला निघाले तेव्हा बारका त्यांच्या संगं गेला, सायली नाही. तिला दगड ठेवायची गरज पडली नाही. जागा धरायला ती स्वतःच बसली होती.

नव्या खोलीत बाकं आली. पाडव्याला मोजली होती तेवढ्याच पोरांची. सगळ्यांनी बाकांचं कौतुक केलं आणि मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. तिथं उंदरांनी माझं एक टोक कुरतडलं, धूळ बसली. मी मनात म्हटलं, ठीक आहे, आपलं काम झालं. पण माळवस्ती काही मोजणीसाठी थांबणार नव्हती. नवी घरं आली, पाचवीमागोमाग सहावी आली, बाकं अपुरी पडली आणि बाईंनी मला पुन्हा खाली ओढलं. बाकांच्या मागं, भिंतीपासून दारापर्यंत मी पुन्हा पसरले आणि दसऱ्याला माझ्यावर पुन्हा दगड बसले.

आणि गेल्या थंडीत एका सकाळी सायलीनं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

माझं जिथं टोक संपतं तिथून पुढं खडे मांडलेले होते. बोराच्या बीएवढे, चिंचोक्याएवढे. एकेका पोराच्या मांडीएवढं अंतर सोडून, सरळ ओळीत. ओळ उंबरा ओलांडून, पायऱ्या उतरून, शाळेमागच्या मोकळ्या माळावर गेली होती. त्या माळावर राधाकिशनभाऊंनी दोनच दिवसांपूर्वी फक्की मारून खुंट्या ठोकल्या होत्या. वस्तीतला तो शेवटचा प्लॉट.

भाऊ बघायला आले. चपलेच्या टोकानं त्यांनी एक खडा उडवायला पाहिला. खडा चिंचोक्याएवढा, हलला नाही. त्यांनी वाकून चिमटीत धरला, मग दोन्ही हातांनी धरला. मग ते घाम पुसत उभे राहिले, भर थंडीत.

"कोनाचं काम हाय हे?" ते म्हणाले.

"ठावं न्हाई भाऊ," सायली म्हणाली. "आजून आलेली न्हाईत ती. पर जागा धरलीय त्यांनी."

राधाकिशनभाऊ हिशेबी माणूस. त्यांनी ओळीकडं पाहिलं, खुंट्यांकडं पाहिलं, पुन्हा ओळीकडं पाहिलं. खुंट्या त्यांनी उपटल्या नाहीत. एवढं मोठं मन एका सकाळीत होत नाही. पण गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवायला ते अजून एकदाही गेलेले नाहीत. खुंट्यांची सुतळी सैल पडलीय, आणि ओळ रोज सकाळी होती त्यापेक्षा थोडी लांब असते.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची नाही. माझं एक टोक उंदरांनी नेलं, दुसरं उंबऱ्यावर घासून चाललंय. मला माळ्यावर टाकलंत तरी चालेल, पण एक करा. कुठं बसायला गेलात आणि शेजारची जागा मोकळी दिसली, तर तिच्यावर आधी तळहात ठेवून बघा. जरा कोमट लागली, तर काही विचारू नका.

सरका.